काळे केलेले हेडलाइट आणि नाताळचे तारे : उल्हासनगर ते बदलापूर

डिसेंबरच्या चोवीस तारखेला, अंधार पडल्यावर, शहाडच्या बाजूने एखादी गाडी उल्हासनगरात शिरते. मागच्या सीटवर मुले, काचा खाली, वेग रिक्षाइतकाच. गोल मैदान, सतरा सेक्शन, पुढे कल्याण-बदलापूर रस्त्याने अंबरनाथ आणि शेवटी बदलापूर. कुठे जायचे नसते. दिवे पाहायचे असतात. दुकानांवरच्या माळा, बाल्कन्यांतले कागदी तारे, चर्चच्या आवारातला गोठा.

हा प्रवास जेमतेम तासा-दीड तासाचा. मात्र या पट्ट्यात नाताळचा दिवा कसा पोहोचला, याची गोष्ट वसईच्या गोष्टीहून अगदी निराळी आहे. ती लष्करी छावणीची, आगपेटीची, फाळणीची आणि एका काळोख्या पंधरवड्याची गोष्ट आहे.

आधी शब्दापासून. ‘नाताळ’ हा शब्द मराठीला पोर्तुगीजांनी दिला. त्यांच्या भाषेतला ‘नाताल’ म्हणजे जन्मोत्सव. वसई, साष्टी, ठाणे या भागांत सोळाव्या शतकापासून त्यांची सत्ता होती आणि तिथल्या ख्रिस्ती गावांचा नाताळ त्या काळापासूनचा. उल्हास नदीचे वरचे खोरे मात्र त्या सत्तेच्या पक्क्या कक्षेत कधी आले नाही. अंबरनाथची ओळख होती ती शिलाहारांच्या शिवमंदिराची. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख मिरवणारे हे मंदिर आजही माघातल्या शिवरात्रीला दिव्यांनी उजळते. म्हणजे रोषणाई पाहायला गर्दी करणे या परिसराला नवे नाही. फक्त प्रसंग दुसरा होता.

नाताळ इथे आला तो रेल्वेच्या रुळांवरून. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये कल्याणहून पळसदरी-खोपोलीकडे जाणारा फाटा सुरू झाला. अंबरनाथ आणि बदलापूर याच फाट्यावर. रेल्वेबरोबर चालक, गार्ड, कारकून, फिटर आले आणि त्यांच्यात गोव्याचे, मंगळूरचे, मद्रासकडचे ख्रिस्ती होते. पुढे कारखाने आले तशी ही वस्ती वाढली. वसईचा नाताळ शेतकऱ्याचा आणि कोळ्याचा. इथला नाताळ पहिल्यापासून नोकरदाराचा. हा फरक ध्यानात ठेवला की पुढचे बरेच काही उलगडते.

आता विजेच्या दिव्याकडे. झाडावर मेणबत्त्या लावण्याची जर्मन चाल एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरली आणि तिच्याबरोबर आगीही लागू लागल्या. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने २२ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगाचे ऐंशी छोटे बल्ब झाडावर लावले. झाड फिरतेही ठेवले होते. त्याच १८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यातला वृक्ष आणि मुंबईची मंडई एकाच वर्षी उजळली, हा योगायोग इतिहासाच्या पुस्तकांत फारसा कुणी मांडत नाही.

गाडीतून दिवे पाहण्याचा प्रघात मात्र मोटारींनंतरचा. कॅलिफोर्नियातल्या आल्टाडीना इथे एका रस्त्याच्या दुतर्फा उभ्या देवदारांवर १९२० मध्ये दिवे लावण्यात आले. तिथे रूढ झालेली रीत अशी की त्या रस्त्यावर शिरताना चालकाने हेडलाइट विझवायचे आणि गाडी गोगलगाईसारखी हाकायची. स्वतःचा दिवा मालवला तरच दुसऱ्याचा नीट दिसतो. ही रीत लक्षात ठेवावी. पुढे तिचे दुसरे रूप दिसणार आहे.

मुंबईनेही आपली अशी सहल घडवली, पण ती नाताळची नव्हती. स्वातंत्र्यानंतर २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला बोरीबंदर, महापालिका, उच्च न्यायालय या इमारतींवर रोषणाई होई आणि उपनगरांतली कुटुंबे उघड्या ट्रकमध्ये दाटीवाटीने बसून ती पाहायला फोर्टात जात. ‘लायटिंग बघायला जाणे’ हा शब्दप्रयोगच त्यातून रुळला. शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांनी त्यावर नाक मुरडले तरी त्याला पर्याय सापडलेला नाही.

गाडी अंबरनाथ पश्चिमेला विम्को नाक्यावर आली की थोडे थांबावे. हे नाव एका आगपेटीच्या कारखान्याचे आहे.

१९२२ मध्ये ब्रिटिश सरकारने परदेशी काड्यापेट्यांवरचा आयातकर जबर वाढवला. तेव्हा जगातला काड्यापेटीचा सर्वांत मोठा व्यापार ईवार क्रूगर या स्वीडिश उद्योगपतीच्या हाती एकवटत होता. माल बाहेरून आणणे परवडेना, तेव्हा स्वीडिश कंपनीने कारखानेच हिंदुस्थानात काढले. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे ‘विम्को’, स्थापन झाली आणि रेल्वे दाराशी असलेल्या अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. सुरक्षित काड्यापेटी मुळात स्वीडनचीच. काडीच्या टोकाला एक रसायन आणि पेटीच्या कडेला लाल फॉस्फरस, अशी विभागणी तिथल्या रसायनज्ञाने १८४४ मध्ये केली, त्यामुळे काडी खिशात आपोआप पेटणे थांबले. क्रूगरचा डोलारा पुढे कोसळला आणि मार्च १९३२ मध्ये त्याने पॅरिसमध्ये आत्महत्या केली. अंबरनाथची पेटी मात्र घराघरांतल्या देवघरात आणि चुलीशी जात राहिली. मेणबत्तीवर साजऱ्या होणाऱ्या नाताळाच्या काळात वेदीवरची मेणबत्ती आणि समई या दोन्हींना ठिणगी पुरवणारे हे गाव होते. विजेच्या माळांनी ती गरज संपवली. नाक्याचे नाव तेवढे उरले.

वीजही फार लांबून आली नव्हती. कल्याणजवळ ठाकुर्लीला ‘चोळा पॉवर हाउस’ हे रेल्वेचे स्वतःचे वीजकेंद्र होते. कोळशावर चालणाऱ्या या केंद्राच्या बळावर १९२९-३० च्या सुमारास कल्याणहून पुण्याकडे विजेच्या गाड्या धावू लागल्या. म्हणजे बदलापूरच्या फलाटावरून विजेची गाडी जाऊ लागली त्या काळात आसपासच्या बहुतेक घरांत कंदीलच होते.

आता पुन्हा मागे, उल्हासनगरात.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या या ओसाड माळावर लष्कराने तात्पुरती छावणी वसवली. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर लोक सामावतील अशी तिची आखणी होती. बराकींची संख्या दोन हजारांवर. मधोमध लांब दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या, असा बहुतेक बराकींचा नमुना. इथे कुणी राहायला येत नव्हते. इथून पुढे जायचे असे. आघाडीवर, नाहीतर जहाजाने घरी.

१९४५ च्या सप्टेंबरात युद्ध अधिकृतपणे संपले, पण जहाजे पुरेनात. परिणामी हजारो ब्रिटिश सैनिकांचा तो नाताळ हिंदुस्थानातल्या छावण्यांतच गेला. ब्रिटिश सैन्यात एक जुनी चाल आहे : नाताळच्या दुपारी अधिकारी पंगतीत वाढपी होतात आणि साधे शिपाई बसून जेवतात. त्या वर्षी वाढणाऱ्याला आणि जेवणाऱ्याला एकच प्रश्न होता, घरी कधी.

त्या प्रश्नाचा स्फोट महिन्याभरात झाला. जानेवारी १९४६ मध्ये रॉयल एअर फोर्सच्या जवानांनी कामावर बहिष्कार टाकला. मागणी मुख्यतः एकच, लवकर घरी पाठवा. संप हिंदुस्थान आणि सिलोनमधल्या साठेक तळांवर पसरला, सुमारे पन्नास हजार माणसे त्यात होती. फेब्रुवारीत मुंबईत नौदलाच्या खलाशांनी बंड केले, ते सर्वांना ठाऊक असते. गोऱ्या हवाई जवानांचा हा संप त्याच्या सावलीत हरवतो. आणि तो सुरू कुठे झाला? कराचीच्या ड्रिघ रोड तळावर.

कराचीत घरी जाण्यासाठी हट्ट धरून बसलेले ते सैनिक अखेर गेले. कल्याणच्या बराकीही रिकाम्या झाल्या. दीड-दोन वर्षांत त्याच कराचीतली माणसे घर सोडून निघाली आणि त्याच प्रकारच्या बराकींत येऊन पडली. नव्वद हजारांहून अधिक सिंधी निर्वासित या छावणीत आले. लांब दालनात पडदे आणि गोणपाटे टांगून कुटुंबाकुटुंबांत भिंती उभ्या करण्यात आल्या. सैनिकांसाठी घातलेले आकडे तसेच राहिले : कॅम्प एक, कॅम्प दोन, थेट पाचपर्यंत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि नदीच्या नावावरून ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. नदीचे नाव असले तरी निर्वासितांच्या गावाला ‘उल्हास’ म्हणणे यात थोडी क्रूर गंमत होती. गावाने मात्र ते नाव पुढे खरे करून दाखवले.

या लोकांना नाताळ परका नव्हता. कराचीच्या सदर भागात गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांची मोठी वस्ती होती आणि १८८१ मध्ये पूर्ण झालेले सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल तिथेच उभे आहे. त्याच्याशी संलग्न शाळेत सिंधी हिंदूंची मुले शिकत. लालकृष्ण अडवाणी त्याच शाळेचे विद्यार्थी. सिंधी घरात दिव्याचे स्वतःचे स्थानही होते. झुलेलालच्या बहराणा साहेबात पेटती ज्योत मधोमध असते आणि ती मिरवत पाण्याकाठी नेतात. दिव्याची मिरवणूक आणि रस्त्यावरची गर्दी ही कल्पना त्यांनी बरोबरच आणली होती. आज डिसेंबरात उल्हासनगरच्या बाजारात तारे, माळा आणि केक विकणारा दुकानदार बहुधा झुलेलालच्या तसबिरीखाली बसलेला असतो, यात नवल वाटू नये.

मग १९७१ चा डिसेंबर आला.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडच्या भारतीय हवाईतळांवर हल्ले केले आणि मुंबई परिसरात काळोख पाळण्याचे आदेश लागू झाले. खिडक्यांच्या काचांना काळा किंवा तपकिरी कागद. रस्त्यावरचे दिवे बंद. मोटारींच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने लिंपलेला, म्हणजे उजेड फक्त चाकापुढच्या डांबरावर पडेल. अंबरनाथला संरक्षण साहित्याचे कारखाने. इथे अंधाराला विशेष अर्थ होता. आल्टाडीनाच्या रस्त्यावर लोक हौसेने हेडलाइट विझवत, कल्याण-बदलापूर रस्त्यावर ते भीतीने झाकले गेले.

४ डिसेंबरच्या रात्री भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर मारा केला. पुन्हा ८ तारखेच्या रात्री. किमाडी बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटल्या. उल्हासनगरात तेव्हा चाळिशीच्या पुढचा जवळजवळ प्रत्येक माणूस सिंधमध्ये जन्मलेला होता. अनेकांना ते बंदर पाठ होते. फाळणीनंतर मुंबईकडे निघालेली बोट त्यांनी त्याच धक्क्यावर धरली होती. आता काळ्या कागदाआड बसून, आवाज बारीक केलेल्या रेडिओवर, ते बंदर जळत असल्याची बातमी ऐकायची. ती बातमी विजयाची होती आणि ऐकणाऱ्यांचे देशप्रेम संशयातीत होते. तरी जळत होते ते ओळखीचे होते. अशा घरांत त्या रात्री नेमके काय बोलले गेले, हे लष्करी इतिहासांत लिहिले जात नाही. ज्यांच्या घरी त्या पिढीतली माणसे अजून आहेत, त्या तरुणांनी हा प्रश्न विचारून ठेवावा. उत्तर देणारे झपाट्याने कमी होत आहेत.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या, १७ ला पश्चिम आघाडीवर बंदुका थांबल्या. नाताळ आठ दिवसांवर. काचांवरचे कागद निघाले; हेडलाइटवरचा रंग मात्र चिवट, तो खरवडून काढावा लागे.

त्यानंतरची गोष्ट वेगाने सांगण्याजोगी आहे. कारखान्यांमागोमाग केरळी कुटुंबे या पट्ट्यात स्थिरावली, इतकी की १९८८ मध्ये सिरो-मलबार पंथाने महाराष्ट्रातल्या आपल्या अनुयायांसाठी जो धर्मप्रांत स्थापला त्याला ‘कल्याण’ हे नाव दिले. त्यांच्याबरोबर कागदी ताऱ्यांची हौस आली. हा तारा मूळचा जर्मन. १८३० च्या दशकात मोरावियन पंथाच्या एका शाळेत भूमिती शिकवण्यासाठी तो घडवला गेला असे मानतात. मराठी डोळ्याला तो आकाशकंदिलाचा चुलतभाऊ वाटतो आणि तसा तो आहेही : कागद, काड्या, आत एक दिवा, बाहेर दारावर टांगायचा.

माळांचेही तसेच. जुन्या माळेत सहा व्होल्टचे पस्तीस-छत्तीस बल्ब एकामागोमाग जोडलेले असत, कारण घरातल्या २३० व्होल्टची विभागणी तेवढ्यांतच बसे. एक बल्ब गेला की सगळी माळ काळोखी आणि मग घरातला कुणीतरी स्टुलावर चढून एकेक बल्ब चाचपडणार. १९९३ मध्ये जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी तयार झाला, त्याच्या संशोधकांना २०१४ चे नोबेल मिळाले आणि ती चाचपडही संपली. आज बदलापूरच्या वीस मजली इमारतीवर वरपासून खालपर्यंत सोडलेली निळी-पांढरी माळ ही त्याच शोधाची कमाई. तिथल्या कित्येक बाल्कन्यांत दिवाळीचा कंदील अजून उतरवलेला नसतो आणि शेजारच्या बाल्कनीत तारा लागलेला असतो.

तिथून गाडी परत वळते. मुले झोपलेली. उल्हासनगरात शिरताना कुणीतरी फोनवर घरच्यांना कुठवर आलो ते सांगतो, आणि ऐंशी वर्षांपूर्वी निघून गेलेल्या सैन्याचीच भाषा वापरतो : “कॅम्प चार आला, पोचतोच.”