ग्रुप पाच, गाव एकच

परवा ईटच्या एका पेशंटला रक्त पाहिजे होतं. मी मेसेज गावातल्या पाच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. रक्त देणारा शेवटी सापडला, पण तो सहाव्याच ग्रुपवर होता आणि मधे चार तास गेले. तेव्हा कुणीतरी बोललंच, "सगळे ग्रुप मोडा अन् एकच करा."

मला ते पटत नाही. का, ते सांगण्यासाठी थोडं मागं जावं लागंल.

१६८५ च्या सुमारास तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका एकाच पालखीत निघायच्या. 'ज्ञानोबा-तुकाराम' हा गजर त्या काळाची आठवण. एकोणिसाव्या शतकात सोहळे वेगळे झाले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेले आरफळचे हैबतबाबा यांनी आळंदीहून माउलींचा स्वतंत्र सोहळा काढला. त्यांना अंकलीच्या शितोळे सरकारांची साथ मिळाली. माउलींचे अश्व आजही अंकलीहूनच येतात.

सोहळे वेगळे झाले म्हणून वारी मोडली का? नाही. पैठणहून नाथांची पालखी निघते, आपल्या शेजारच्या खर्डा-परंडा वाटेनं जाते. शेगावची पालखी धाराशिव-तुळजापूरवरून जाते. सगळ्या पालख्यांची वाट वेगळी, कारभार वेगळा. पोचायचं मात्र पंढरपूरलाच.

एका सोहळ्याच्या आतही तेच. दिंडी म्हणजे स्वतंत्र संसार. तिचा वीणेकरी वेगळा, स्वयंपाक वेगळा, हिशोब वेगळा. पण रथापुढं कोण, रथामागं कोण, याचे नंबर ठरलेले. आणि खरी गोष्ट संध्याकाळच्या समाजआरतीला दिसते. चोपदार दंड वर करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असंल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात. हरवलं-सापडलं पुकारलं जातं. मग आरती.

आज जगात हाच प्रश्न कॉम्प्युटरवाल्यांपुढं आहे. २०१६ ला मॅस्टोडॉन आलं. एका कंपनीच्या मालकीचं नाही, कुणीही आपला सर्व्हर चालवावा. सर्व्हर एकमेकांशी बोलावेत म्हणून ॲक्टिव्हिटीपब नावाची सामाईक पद्धत २०१८ ला प्रमाण झाली. त्याच पद्धतीवर लेमी चालतं. पण तिथं एकाच विषयाचे समूह वेगवेगळ्या सर्व्हरवर निघाले आणि वाचणारे विखुरले. आता दोन वाटा आहेत. एक ठेवून बाकीचे बंद करायचे, नाहीतर प्रत्येकाचा कारभार त्याच्याकडंच ठेवून सगळे एका यादीत गुंफायचे, म्हणजे वाचणाऱ्याला एकत्र दिसतील.

पहिली वाट सोपी वाटते. पण एकच ग्रुप झाला की एकच ॲडमिन. त्याला नको असलेला माणूस गावाबाहेर, अन् त्याची तक्रार ऐकायला कुणीच नाही. दुसऱ्या वाटेला मेहनत आहे, कारण तिथं चोपदार लागतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ईटमधले ग्रुप आहेत तसे राहू द्या. प्रत्येक ग्रुपचा एकेक माणूस घेऊन एक सामाईक ग्रुप करू. रक्त, पाणी, पीकविमा, हरवलं-सापडलं, एवढंच तिथं यावं आणि तिथून सगळीकडं जावं. फॉरवर्ड, वाढदिवस, राजकारण आपापल्या दिंडीत. आणि कुणाचे टाळ वाजत राहिले, तर आधी त्याचं ऐकायचं.

ॲडमिन मंडळी, कोण कोण तयार आहे? खाली नाव लिहा.