यीस्टचा अर्क आणि जिभेची सवय

‘चव ज्याची त्याची’ असे आपण सहज बोलून जातो. परंतु इतिहास चाळू लागले म्हणजे या बोलण्यात फारसे तथ्य उरत नाही. जिभेला वळण लागते ते घरात, लष्करात आणि बाजारात. आणि वळण लावणारे हात पुष्कळदा आपल्याला दिसत नाहीत. याचे एक लहानसे उदाहरण आज आम्ही घेतले आहे. इंग्लंडात मार्माइट आणि ऑस्ट्रेलियात व्हेजेमाइट या नावाचा एक काळसर, चिकट, भलताच खारट पदार्थ पावाला लावून खातात. ज्याला लहानपणापासून सवय आहे तो परदेशी जातानाही त्याची बाटली सोबत नेतो. परका माणूस पहिल्या घासालाच तोंड वाकडे करतो. आता याचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. या बाटलीचा आमच्या मुंबईच्या कामकरी स्त्रियांशी जवळचा संबंध आलेला आहे, म्हणून हा विषय.

हा पदार्थ मुळात टाकाऊ मालातून निघाला. बिअर आंबवताना यीस्ट नावाचे सूक्ष्म किण्व वाढत जाते आणि काम झाल्यावर ढिगाने उरते. ते आटवून बाटलीत भरता येते व खाता येते, हे शोधण्याचे श्रेय युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला देतात. यीस्ट ऊन ठेवले की त्याच्या पेशी आपल्याच पाचक रसांनी फुटतात आणि आतली प्रथिने विरघळतात. टरफले गाळून टाकावीत, रस आटवावा, मीठ घालावे, की मांसाच्या रश्श्यासारख्या चवीचा दाट अर्क तयार होतो. १९०२ साली इंग्लंडातील बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावी मार्माइटची कंपनी निघाली. गाव बिअरच्या कारखान्यांचे. त्यामुळे कच्चा माल शेजारीच मिळे. मार्माइट हे फ्रेंच भाषेत स्वयंपाकाच्या भांड्याचे नाव, आणि त्या भांड्याचे चित्र आजही बाटलीवर असते.

माल निघाला, पण त्याची गोडी लोकांना आपोआप लागली नाही. १९१२ साली कॅसिमिर फुंक यांनी ‘व्हिटॅमिन’ हा शब्द रूढ केला. यीस्टमध्ये ‘ब’ जीवनसत्त्वे विपुल असतात हे कळल्यावर मार्माइटला पौष्टिक अन्नाची प्रतिष्ठा आली. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश सैनिकांच्या शिध्यात गेले. जी चव शिपायाने खंदकात घेतली, ती पुढे त्याच्या घरी आली.

ऑस्ट्रेलियाची हकीकत याहून बोलकी आहे. युद्धामुळे तिकडे मार्माइटची आवक विस्कळित झाली होती. मेलबर्नचे व्यापारी फ्रेड वॉकर यांनी सिरिल कॅलिस्टर या रसायनशास्त्रज्ञाकडून तसाच पदार्थ करवून घेतला आणि १९२३ साली व्हेजेमाइट बाजारात आणले. ते खपेना. १९२८ मध्ये नाव बदलून पाहिले, तेही चालले नाही. १९३५ मध्ये पुन्हा जुने नाव लावले. मग दुसऱ्या मालाबरोबर ते फुकट देऊ लागले, बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या, डॉक्टरांच्या शिफारशी मिळवल्या. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याला इतके लागले की नागरिकांना मोजून मिळू लागले. आज जी चव ऑस्ट्रेलियन माणूस आपल्या राष्ट्राची म्हणून अभिमानाने सांगतो, ती बारा वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहत होती! शेजारच्या न्यूझीलंडात तर मार्माइट याच नावाचा, पण जरा गोडसर असा वेगळा पदार्थ चालतो. २०११ च्या भूकंपानंतर क्राइस्टचर्चचा तो कारखाना बंद पडला आणि पुढे दुकाने रिकामी झाली, तेव्हा तिथल्या लोकांना आपलीच बाटली हवी होती.

आता मुंबईकडे वळू. १९२८ साल गिरणी कामगारांच्या सहा महिन्यांच्या संपाचे म्हणून आपल्याला ठाऊक आहे. त्याच साली डॉ. लूसी विल्स ही इंग्रज विदुषी परळच्या हाफकिन संस्थेत आली. गरोदरपणात स्त्रियांना होणारा एक घातक रक्तक्षय हा तिच्या संशोधनाचा विषय. तो गरिबांच्या घरी अधिक दिसे, आणि रोगी स्त्रियांत कापडगिरण्यांत राबणाऱ्याही होत्या. विल्सबाईंनी जंतू शोधलेच, पण या स्त्रिया काय खातात हेही पाहिले. त्यांच्यासारखाच निकृष्ट आहार उंदरांना आणि माकडांना देऊन पाहिला. आजारी पडलेले एक माकड मार्माइटने सुधारले. मग तोच अर्क रोगी स्त्रियांना दिला आणि त्या बऱ्या होऊ लागल्या. यकृताचा अर्क महाग, मार्माइट स्वस्त. म्हणून या शोधाचे मोल मोठे. १९३१ साली तो प्रसिद्ध झाला. त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले.

ऑस्ट्रेलियात याच जातीचा अर्क मुलांच्या आवडीचा झाला. मग मुंबईत त्याची चव का रुजली नाही? आमच्या मते उत्तर सरळ आहे. इथे तो चमच्याने, औषध म्हणून आला. रोग गेला, चमचाही गेला. तो लावून खायला रोजचा पाव आणि लोणी चाळीतल्या खोलीत नव्हते. एखादा पदार्थ गुणकारी आहे एवढ्याने त्याची चव लागत नाही; तो रोज ताटात यावा लागतो, आणि ताटात काय यावे हे मजुरी ठरवते.

याच सुमारास, १९२९ साली, मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये कौन्सिलात त्या विधेयकाची बाजू मांडली होती. रक्तात काय कमी आहे ते प्रयोगशाळेने सांगितले. मजुरीत काय कमी आहे ते सांगायला चळवळ लागली. दोन्ही कामे एकाच वस्तीसाठी चालली होती.

दुसऱ्याच्या जेवणाला नाक मुरडणाऱ्याने हा इतिहास ध्यानात ठेवावा. सुक्या बोंबलाचा वास ज्याला सहन होत नाही, त्याची जीभ श्रेष्ठ ठरत नाही. तिचे वळण निराळे, इतकेच. आज गरोदर स्त्रीला लोहाच्या आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. पण गोळी घेणाऱ्या त्या बाईच्या घरी आज पालेभाजी शिजली की नाही, हे विचारणे आम्हा युनियनवाल्यांचे काम आहे, आणि बंधुभगिनींनो, ते तुमचेही आहे.