युरोपात माल विकायचाय? मग खोक्याचाही हिशोब द्यावा लागतो!

कोल्हापुरातल्या एखाद्या दुकानदाराने बर्लिनमधल्या ग्राहकाला चपलांचा एक जोड थेट कुरिअरने पाठवला. चपला पोहोचल्या, पैसेही मिळाले. पण त्या खोक्याचं पुढे काय होणार, याची जबाबदारी जर्मन कायद्यानुसार विकणाऱ्यावरच येते.

हा नियम काय आहे?
याला 'विस्तारित उत्पादक जबाबदारी' म्हणजेच ईपीआर म्हणतात. वस्तू बाजारात आणणाऱ्यानेच तिचा कचरा गोळा करण्याचा आणि त्याच्या पुनर्प्रक्रियेचा खर्च उचलायचा, हे यामागचं तत्त्व.

एक नोंदणी पुरते का?
नाही. इथेच बहुतेक जण फसतात. युरोपीय संघाची बाजारपेठ एक असली, तरी ईपीआरची नोंदणी प्रत्येक देशात वेगळी करावी लागते.

जर्मनी : 'लुसिड' या नोंदवहीत नाव नोंदवणं मोफत आहे. पण त्याशिवाय मान्यताप्राप्त संस्थेशी करार करून पॅकिंगच्या वजनानुसार आणि प्रकारानुसार शुल्क भरावं लागतं. किमान विक्रीची सूट नाही, पहिल्या पार्सलपासूनच नियम लागू होतो. २०१९ पासूनच्या कायद्यात २ लाख युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन बाजारपेठांनाही विक्रेत्याची नोंदणी तपासावी लागते. नोंदणी नसेल तर तिथून विक्री बंद होते.

फ्रान्स : इथे पॅकिंगसोबत कपडे आणि पादत्राणांनाही ईपीआर लागू आहे. म्हणजे त्याच चपलेसाठी जर्मनीत फक्त खोक्याचा हिशोब, तर फ्रान्समध्ये चपलेचाही!

इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि बॅटरी : यांचे नियम वेगळे आहेत. इलेक्ट्रॉनिक वस्तू परदेशातून थेट ग्राहकाला विकायच्या असतील, तर त्या देशात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. वस्तूवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चिन्हही लागतं.

पुढे काय बदलणार?
संघाचा नवा पॅकेजिंग नियम १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होण्याची तारीख ठरली आहे. कापड आणि पादत्राणांसाठी सर्व सदस्य देशांना २०२८ पर्यंत ईपीआर व्यवस्था उभारायची आहे. नियम जुळत जातील, पण देशवार नोंदणी राहणारच.

विक्रेत्याने काय करावं?
पहिलं पार्सल पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात : माल कोणत्या देशात जातोय, वस्तू कोणती आहे आणि पॅकिंग कशाचं आहे. माल तिथल्या आयातदारामार्फत जात असेल, तर ही जबाबदारी साधारणपणे त्याच्यावर येते. तरीही ती कोणाची, हे करारात लिहून घेतलेलं बरं.