तारेचं बूच: बाळाच्या छातीतली आडवाट बुजवायची गोष्ट

आमच्या नवी मुंबईत, खारघरला, श्री सत्य साई संजीवनी हे लहान मुलांच्या हृदयाचं रुग्णालय आहे, उपचार मोफत. अशा ठिकाणी नेहमी दिसणारा एक दोष आणि त्यावरचं तारेचं बूच, हा आजचा विषय.

पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. म्हणून महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांच्यामध्ये एक आडवाट असते. जन्मानंतर काही दिवसांत ती आपोआप बुजते. काहींची बुजत नाही. मग फुप्फुसांत जास्तीचं रक्त घुसतं, बाळाला दूध पिताना धाप लागते, वजन वाढत नाही.

२६ ऑगस्ट १९३८ला बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉसने ७ वर्षांच्या मुलीची छाती उघडून ही वाट दोऱ्याने बांधली. त्याचे वरिष्ठ तेव्हा सुट्टीवर होते. (असते तर परवानगी मिळाली असती का, कोण जाणे!)

पुढे १९६७ मध्ये बर्लिनच्या पोर्स्टमानने छाती न उघडता, मांडीच्या धमनीतून स्पंजसारखा बोळा नेऊन बसवल्याचं जाहीर केलं. पण त्याला लागणारी नळी जाड, तान्ह्या बाळाला अशक्यच. म्हणजे हवी होती अशी वस्तू, जी बारीक होऊन आत जाईल आणि तिथे पोचल्यावर फुलेल.

उत्तर भलतीकडून आलं. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत क्षेपणास्त्रांच्या टोकासाठी धातू शोधताना विल्यम ब्यूलरला निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू सापडला: निटिनॉल. एका बैठकीत कुणीतरी त्याच्या दुमडलेल्या पट्टीला लायटर लावला आणि ती चक्क सरळ झाली!

मिनेसोटाच्या कुर्ट अँप्लाट्झने याच धातूच्या केसासारख्या तारा घेतल्या. त्यांची जाळीदार नळी विणायची, साच्यात दाबायची, साधारण ५०० अंशांना तापवायची. तो आकार तारांच्या ‘लक्षात’ राहतो. ओढली की जाळी लांबट होऊन कॅथेटरमध्ये शिरते, सोडली की पुन्हा फुलते. रक्त गोठून वाट लवकर बंद व्हावी म्हणून आत पॉलिस्टरचं कापड शिवतात. १९९५ मध्ये त्याने भागीदारांसोबत कंपनी काढली.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो शेवटचा स्क्रू. बूच एका लांब तारेला आट्यांनी जोडलेलं असतं. जागा चुकली तर परत आत ओढा, पुन्हा लावा. आट्या उलट्या फिरवेपर्यंत सगळं मागे घेता येतं. आम्ही कोडवाले याला रोलबॅक म्हणतो.

राहिला पैशाचा प्रश्न. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने किमतीला मर्यादा घातली ती हृदयाच्या स्टेंटना. ही बुचं त्या आदेशात नव्हती. मोफत उपचार करणाऱ्या रुग्णालयाला हा खर्च देणग्यांतूनच भागवावा लागतो. त्या स्टेंटबद्दल पुढच्या भागात.