गाडी ‘मिसिंग’ का करते? विहिरीवरच्या इंजिनापासून पिकअपच्या स्कॅनरपर्यंत

#थ्रेड

१/ हळदीची पोती भरून सांगलीच्या बाजाराकडे निघालेला जुना पिकअप चढाला लागतो, गाडीला हिसके बसू लागतात आणि चालक म्हणतो, ‘मिसिंग करतेय.’ एखाद्या सिलिंडरमधले ज्वलन चुकले की इंजिनाचा ताल तुटतो. तो चुकलेला ठोका नेमका कुठे, हे शोधण्याच्या विद्येलाही इतिहास आहे.

२/ त्याचा आरंभ मोठा गमतीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरात असलेल्या स्थिर इंजिनांचा एक प्रकार मुद्दाम ठोके चुकवीत असे. वेग वाढला की गव्हर्नर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवी आणि त्या फेऱ्यांत इंधन पेटत नसे. आज जो दोष मानला जातो, ती तेव्हा वेग आवरण्याची रीत होती.

३/ सातारा-सांगलीच्या मातीला यंत्रे नवीन नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. सातारा रोड येथे धनजीशहा कूपर यांच्या कारखान्यात लोखंडी नांगरांमागोमाग १९३०च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली. हेच कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली.

४/ अनेक शिवारांत मोटारीच्या आधी विहिरीवरचे इंजिन पोचले. एकच सिलिंडर, आणि संथ चालीच्या इंजिनाचे मिनिटाला सुमारे ६५० फेरे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक ठोका, म्हणजे मिनिटाला ३२५. त्यातला एक चुकला तरी बांधावरच्या माणसाला ऐकू येई. पुढच्या मेकॅनिकचा कान येथेच तयार झाला.

५/ मग जीप आली. विलीज जीपच्या पेट्रोल इंजिनात चार सिलिंडर असून ज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा होता. आता ठोका हरवल्याचे कानाला कळे, पण कोणता हे कळेना. त्यावर साधी युक्ती निघाली. इंजिन संथ चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. ताल आणखी बिघडला, तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर दोषी तोच.

६/ ठिणगीचा इतिहासही इथेच उपयोगी पडतो. १९०२ साली बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. पुढे बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची पद्धत रूढ झाली. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणून ठिणगी उडण्यास अधिक व्होल्टेज लागते. तडा गेलेली वायर सपाटीवर निभावून नेते आणि घाटात दगा देते. अंधारात बॉनेट उघडले, तर गळणारी निळी ठिणगी डोळ्यांना दिसते.

७/ रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले. १९२७ साली बॉशने इंजेक्शन पंपाचे मोठे उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिन मालवाहू गाड्यांत रुळले. यात प्लगच नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. तरी युक्ती टिकली. वायरीऐवजी नोझलच्या पाइपाचा नट सैल करायचा, एवढाच बदल. संशयित मात्र बदलले: लाइनीत धरलेली हवा, तुंबलेला फिल्टर, थेंब गाळणारे नोझल.

८/ १९९६ पासून अमेरिकेतील नव्या गाड्यांत संगणकाने हे काम हाती घेतले. ठोका चुकला की क्रँकचा वेग क्षणभर मंदावतो. तो फरक मोजून ‘पी०३०१’ असा कोड उमटतो, म्हणजे पहिला सिलिंडर. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. कॉमन रेल इंजिनांत इंधनाचा दाब हजार बारच्याही वर जातो. तेथे नट सैल करण्याची जुनी रीत जिवावर बेतू शकते, कारण ती धार कातडी भेदते.

९/ पण कोड सिलिंडर दाखवतो, कारण सांगत नाही. पहिल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळला असेल, तर महागडे नोझल बदलूनही गाडी तशीच हिसके देते आणि भुर्दंड शेतकऱ्याला पडतो. म्हणून कॉम्प्रेशन तपासण्याला पर्याय नाही. पेट्रोल इंजिनात दाब कमी भरला, तर सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर संशय व्हॉल्व्हवर.

१०/ शंभराहून अधिक वर्षांत साधने बदलली, प्रश्नांचा क्रम बदलला नाही. आधी कोणता सिलिंडर, मग इंधन, ठिणगी की दाब, आणि सर्वांत शेवटी सुटा भाग. स्कॅनर पहिल्या प्रश्नाचे उत्तर क्षणात देतो. दुसऱ्यासाठी आजही तोच माणूस लागतो, ज्याचा कान विहिरीवरच्या इंजिनाने घडवला.