कांद्रीच्या खाणीपर्यंत

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. सातवी शिकलेली बाई इतिहासावर काय लिहिणार? पण सासूबाई म्हणाल्या, "आमच्या खाणीचं लिही न. दुसरं कोण लिहिते?" म्हणून हे धाडस. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

सासूबाईंचे माहेर रामटेकजवळच्या कांद्रीचे. वडील मँगनीजच्या खाणीत कामाला आणि आईही. खारघरला आल्यापासून ही गोष्ट त्यांनी कुणाजवळ काढली नव्हती. 'वडील नोकरीत होते', एवढेच सांगत. गेल्या हिवाळ्यात मुलाने कारवान भाड्याने घेतली, तेव्हा मात्र म्हणाल्या, "मला कांद्रीला न्या."

कारवान म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. निजायला फळ्या, हातभर ओटा, कोपऱ्यात मोरी. पहिला चहा मी सगळा सांडला! समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, तेव्हा हां हां म्हणता वर्धा आले.

तिथून वाट वाकडी करून वरोऱ्याला गेलो. इथल्या कोळशासाठी इंग्रजांनी वर्ध्याहून रेल्वे आणली. खाण १९०६ साली बंद पडली. आज वरोरा म्हटले की बाबा आमट्यांचे आनंदवन आठवते, कोळसा कुणाला आठवत नाही.

पूर्वी कोळशाच्या खाणीत बायका नवऱ्याबरोबर भुयारात उतरत. १९२९ च्या नियमांनी त्यांना हळूहळू बंदी झाली. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा १९४३ साली तीच बंदी उठवली आणि १९४६ साली पुन्हा घातली. त्या काळी मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. पुढे १९५२ च्या कायद्यात ती बंदी कायम झाली आणि २०१९ साली बाईची लेखी संमती असेल तर खाली उतरण्याची मुभा मिळाली. गरज पडली की बाईला खाली न्यायचे आणि गरज सरली की वर आणायचे, असे मला तरी वाटले.

मँगनीजचे काम बरेचसे उघड्यावरचे. बायका उन्हात बसून दगड फोडायच्या, निवडायच्या, टोपल्यांनी वाहायच्या. या धातूवाचून पोलाद होत नाही, म्हणून इथला दगड आगबोटीने विलायतेला जाई. मनसरला १९०० च्या सुमारास खाणकाम सुरू झाले. पुढे १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी निघाली. तिचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे.

रामटेकला लोक रामाच्या दर्शनाला जातात, कालिदासाचे नाव काढतात. कांद्रीकडे कोण वळते?

फाटकाशी पहारेकऱ्याने परवानगी विचारली. ती आमच्याजवळ नव्हती. मी परत फिरणार, तोच सासूबाई पुढे होऊन मोठ्याने म्हणाल्या, "माझी आई इथं दगड फोडत होती." आत काही जाता आले नाही, पण त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली. रस्त्याकडेला ट्रकमधून पडलेला एक काळा खडा त्यांनी उचलून माझ्या हातावर ठेवला. एवढासा, पण केवढा जड! तळवा काळा झाला.

"आईचे हात दिवाळीलाही असेच असायचे," त्या म्हणाल्या.

तो खडा आता आमच्या दिवाणखान्यात आहे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका हा काय म्हणून विचारतात, आणि सासूबाई त्यांना पहिल्यापासून सांगत बसतात.