वेळूची साल आणि समुद्रावरची गरी

जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीची धार उभी आहे. तिच्या एका अंगास कुकडी, मीना व घोड या नद्यांचें पाणी भीमेकडे वाहतें. दुसऱ्या अंगास नाणेघाट उतरून जुनी व्यापारी वाट कल्याण बंदराकडे जाते. अशा डोंगरी मुलखांत वेळू सर्वांच्या परिचयाचा. सुपें-टोपल्या विणणारा बुरूड वेळू चिरतांना वरची साल निराळी काढतो. वेळूचें बळ सालींत असतें हें त्यास ठाऊक असतें. समुद्रावर गरवणाऱ्याच्या काठीचा इतिहासही याच ज्ञानाभोंवतीं फिरतो.

कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरण आहे. गळानें मासा धरणें हा त्यांत राजाचा एक विनोद मानला आहे. साध्या काठीची दोरी शेंड्यासच बांधलेली असते. गळ खोल पाण्यावर नेऊन धरणें एवढेंच अशा काठीचें काम. तेव्हां लांबी व हलकेपणा पाहिला म्हणजे पुरे.

दोरी गुंडाळणारें चाक आलें आणि हें काम पालटलें. चीनमध्यें तें इ. स. ११९५ च्या सुमाराच्या एका चित्रांत दिसतें. इंग्लंडांत त्याचा उल्लेख १७ व्या शतकांत येतो. आतां दोरी दूर फेकतां येऊं लागली आणि काठीस धनुष्याचें काम करावें लागलें. १८४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत सॅम्युएल फिलिप या बंदुका घडविणाऱ्या कारागिरानें वेळूच्या चिरफळ्या सरसानें जोडून काठ्या केल्या. पुढें सहा पट्ट्यांची रीत रूढ झाली. त्यासाठीं प्रथम हिंदुस्थानांतून 'कलकत्ता' वेळू जाई. मागाहून चीनच्या टोंकिन वेळूनें त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूची व १९७० नंतर कार्बनतंतूची काठी आली.

आज समुद्रांत फेकावयाचा धातूचा कृत्रिम मासा, ज्यास जिग म्हणतात, त्याचें वजन हीच काठीच्या निवडीची पहिली कसोटी होय. जिग ४० ग्रॅमचा असेल तर २० ते ६० ग्रॅम असा निर्देश असलेली काठी योग्य. काठी फार ताठ असली तर ती वांकत नाहीं आणि फेक हाताच्याच जोरावर राहते. फार लवचिक असली तर जिगला झटका पोंचत नाहीं. खडकावरून फेकणाऱ्यास नऊ-दहा फूट, होडींतील माणसास सहा-सात फूट लांबी सोयीची. कड्या न गंजणाऱ्या हव्यात, आणि काठी दर वेळीं गोड्या पाण्यानें धुतली पाहिजे.

कार्बनची काठी आंतून पोकळ असते. तिचें सारें बळ भोंवतालच्या पातळ कवचांत सांठविलेलें असतें. वेळूची घडणही हीच आहे.